शेवटच्या दाराचं कुलूप

1985 साली जपानमध्ये दोन गेम बाजारात आले. दोन्हींची गोष्ट ढोबळपणे एकच. दुष्टाने राजकन्या पळवली आहे, तिला सोडवून आणायचं. दोन्हींत एक माणूस धावत सुटतो, उड्या मारतो, राक्षसांना चुकवतो. एक गेम निन्टेन्डोचा, घरी टीव्हीला जोडून खेळायचा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. दुसरा कॅपकॉमचा, नाणं टाकून मशिनवर खेळायचा 'घोस्ट्स एन गॉब्लिन्स'. मारिओ आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे, दुसऱ्याचं नाव क्वचित कोणी ऐकलं असेल. पण शाळेत मधल्या सुट्टीत मुलं ज्या प्रश्नावरून हमरीतुमरीवर येतात, त्याची दोन उलटसुलट उत्तरं या दोन गेमनी तेव्हाच देऊन ठेवली होती.

प्रश्न असा. गेममधलं सगळं, म्हणजे प्रत्येक नाणं, प्रत्येक तारा, प्रत्येक कोपरा शंभर टक्के पूर्ण केल्याशिवाय शेवटचा भाग उघडूच नये, हे बरोबर आहे का? एक बाजू म्हणते, मेहनत केली त्यालाच मिळावं. दुसरी म्हणते, पैसे तर सगळ्यांनी सारखेच मोजलेत ना?

आधी 'घोस्ट्स एन गॉब्लिन्स' बघू. आर्थर नावाचा चिलखतधारी सरदार. एक फटका बसला की चिलखत गळून पडतं आणि बिचारा चड्डीवर येतो, दुसऱ्या फटक्यात हाडांचा सांगाडा. इतका अवघड गेम त्या काळातही कमीच होता. शेवटच्या बॉसपाशी पोहोचताना ठरावीक शस्त्र हातात नसेल तर गेम मागे पाठवतो. एवढं सगळं करून बॉसला पाडलंच, तर पडद्यावर काय येतं? हा सगळा सैतानाने रचलेला भास होता, परत पहिल्यापासून सुरू करा. दुसरी फेरी पहिलीहून अवघड. ती पार केली तरच खरा शेवट.

आता मारिओ. आठ जगं, प्रत्येकात चार स्टेज, एकूण 32. पण बनवणाऱ्यांनी स्वतःच चोरवाटा ठेवल्या. पहिल्या जगाच्या दुसऱ्या स्टेजला भुयाराच्या छतावरून चालत शेवटपर्यंत गेलं की तीन पाइप दिसतात, ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जगात नेतात. चौथ्या जगाच्या दुसऱ्या स्टेजला एक लपलेली वेल आहे. ती चढून गेलं की थेट आठव्या जगापर्यंत जाता येतं. मधली तीन-तीन जगं न बघता माणूस शेवटच्या किल्ल्यात हजर होतो, आणि राजकन्या त्याचेही तितकेच आभार मानते. तू सगळ्या 32 स्टेज केल्यास का, असं विचारत नाही. त्यानंतर गेम म्हणतो, हवं असेल तर आता अवघड फेरी खेळ. साध्या तपकिरी शत्रूंच्या जागी कठीण कवचाचे किडे येतात.

दुसरी फेरी दोघांकडेही आहे. फरक इतकाच की एकाने शेवट आधी दिला आणि मग जास्तीचं मागितलं, दुसऱ्याने शेवटच ओलीस ठेवला. माझ्या मते सगळा वाद या एका फरकावर उभा आहे. पण त्यामागे धंद्याची कारणं होती, ती आधी बघायला हवीत.

मशिनचा धंदा शेवट दाखवण्याचा नव्हताच, नाणं पडत राहण्याचा होता. तिथे माणूस लवकर मरावा, पुन्हा नाणं टाकावं, हेच गणित. कॅपकॉमचं कुलूप त्या गणितातून आलेलं आहे, त्याला 'मेहनतीचं फळ' वगैरे नावं नंतर चिकटली. मारिओची कॅसेट मात्र घरी आणलेली. पैसे एकदाच मोजलेले. माणूस समाधानाने शेवटपर्यंत गेला तर पुढची कॅसेट घेईल, हा हिशेब.

पण घरच्या गेमलाही एक अडचण आली. अमेरिकेत व्हिडिओ कॅसेटसारखे गेमही भाड्याने मिळू लागले. शनिवार-रविवारी आणून दोन दिवसांत गेम संपवला तर विकत कोण घेणार? निन्टेन्डोने 1989 मध्ये ब्लॉकबस्टर या भाड्याने देणाऱ्या कंपनीवर खटला भरला तो गेमबरोबरच्या माहितीपुस्तिकांच्या झेरॉक्स काढल्याबद्दल, पण खरं दुखणं भाड्याचंच होतं. त्या वर्षांत काही जपानी गेम अमेरिकेत जाताना जास्त अवघड होऊन गेले. 1994 चा 'काँट्रा हार्ड कोअर' जपानमध्ये एका लाइफमध्ये तीन फटके सोसतो, अमेरिकेत एकाच फटक्यात लाइफ जाते. त्याच वर्षीच्या सेगाच्या 'स्ट्रीट्स ऑफ रेज 3' मध्ये तर 'सोपा' पर्याय निवडला की गेम पाचव्या स्टेजलाच आटोपतो, पुढचा भाग दाखवतच नाही. म्हणजे ज्या लहान मुलासाठी सोपा पर्याय ठेवला, त्यालाच सांगायचं की तुझ्यासाठी एवढंच. पाठ्यपुस्तकातली शेवटची दोन प्रकरणं स्टेपल करून कच्च्या मुलाच्या हातात पुस्तक द्यावं, तसं हे झालं.

सगळी जुनी कुलपं अशी नव्हती, हेही सांगायला हवं. टायटो कंपनीचा 1986 चा 'बबल बॉबल' आठवा. दोन गोंडस ड्रॅगन बुडबुडे सोडतात, 100 खोल्या पार करायच्या. एकट्याने शेवटपर्यंत गेलात तर गेम सांगतो की हा खरा शेवट नव्हे, मित्राला घेऊन या. हेसुद्धा कुलूपच. दोघे बसले तर मशिनमध्ये नाणीही दोघांची पडतात, तेव्हा त्यातही धंदा आहेच. तरी मला ते आवडतं, कारण ते वेळ किंवा मोजदाद मागत नाही, सोबत मागतं. आणि गोष्टही तशीच आहे. दोन भाऊ निघालेत, एकानेच कसं पोहोचायचं?

'शंभर टक्के' ही कल्पना मात्र यानंतरची. ती यायला आधी मशिनला आठवण असावी लागते. 'सुपर मारिओ ब्रदर्स'ला कालचं काही आठवत नसे, बटण बंद केलं की सगळं पुसलं. अमेरिकेत 1987 मध्ये 'लेजंड ऑफ झेल्डा' आला तो कॅसेटमध्येच छोटी बॅटरी बसवून, त्यामुळे खेळ जिथे सोडला तो हिशेब आत टिकून राहायचा. 'मेट्रॉइड'मध्ये लांबलचक पासवर्ड कागदावर उतरवून ठेवावा लागे. एकदा का मशिन लक्षात ठेवू लागलं की ते मोजूही लागलं. 1990 च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये जिथे गेम ठेवलेला असतो त्या पडद्यावर 96 हा आकडा दिसायचा, इतके मार्ग सापडले म्हणजे गेम मुकम्मल. 1994 चा 'सुपर मेट्रॉइड' शेवटी किती टक्के वस्तू मिळवल्या ते सांगतो. त्याच वर्षीचा 'डाँकी काँग कंट्री' तर 101 टक्क्यांपर्यंत जातो! गणिताच्या शिक्षकांनी कानावर हात ठेवावेत.

आपल्याकडे हा टप्पा जवळजवळ आलाच नाही. नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात मिळायच्या त्या नक्कल केलेल्या मशिनी आणि 'इतके इन वन' असं लिहिलेल्या कॅसेट. त्यांत काँट्रा, मारिओ, रणगाड्यांचा गेम. बहुतेकांत बॅटरी नसे. पार्लरमध्ये तासाच्या हिशेबाने खेळायचं, घरी असेल तर लाइट जाण्याआधी. अशा जागी शंभर टक्क्यांचा हट्ट धरणं म्हणजे गंमतच. म्हणून आपल्या पिढीला मारिओच्या चोरवाटा तोंडपाठ झाल्या, आणि काँट्राचा तो वर-वर-खाली-खालीचा कोडही, ज्याने 30 लाइफ मिळतात. हा कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या माणसाने 1986 च्या 'ग्रेडियस'साठी लिहिला. गेम घरच्या मशिनवर आणताना त्याला स्वतःला तो तपासण्यापुरताही पार करता येईना, म्हणून. कुलूप बनवणाऱ्यालाच किल्ली लागली, ती त्याने आत तशीच राहू दिली. अशा किल्लीला मी फसवणूक म्हणणार नाही.

मोजणं आलं की मोजण्याचा अतिरेकही येतो. त्याचं नाव 'डाँकी काँग 64', साल 1999. पाच माकडं, प्रत्येकाचा केळ्यांचा रंग वेगळा. एका जगात एका माकडाची 100 केळी, म्हणजे एका जगात 500, आणि जगं सात. लाल केळं समोर दिसतंय, पण तुम्ही पिवळं माकड असाल तर ते घेता येत नाही. मागे जा, माकड बदला, परत या. हे झालं साध्या केळ्यांचं. सोनेरी केळी 201, त्यांतली 100 जमवल्याशिवाय शेवटच्या जागेचं दार उघडत नाही. आणि खरी कमाल पुढे आहे. शेवटच्या बॉसकडे जायची किल्ली हवी तर दोन खास नाणी लागतात. एक मिळवायचं ते गेमच्या पोटात ठेवलेला 1981 चा जुना 'डाँकी काँग' दोनदा जिंकून. दुसरं मिळवायचं ते 1983 चा 'जेटपॅक' खेळून, त्यात 5000 गुण करून. आणि 'जेटपॅक'ला हात लावायचा तर आधी केळी गोळा करून 15 पदकं जमवायची. यातलं काहीही अतिरिक्त नाही बरं का, साधा शेवट बघायचा तर हे करावंच लागतं. जो मुलगा तीस-चाळीस तास माकडांबरोबर राहिला, त्याला दारात उभं करून सांगायचं की आता सोळा वर्षांपूर्वीचा अंतराळवीराचा गेम खेळून दाखव.

बनवणारी कंपनी रेअर. त्याच कंपनीने चारच वर्षं आधी, 1995 मध्ये, 'डाँकी काँग कंट्री 2' मध्ये हेच काम किती नीट केलं होतं ते बघितलं की जास्त वाईट वाटतं. तिथे बॉसला हरवलं की गेम संपतो, नावं येतात, रीतसर शेवट होतो. पण नकाशावर एक हरवलेलं जग आहे. लपलेल्या बोनस खोल्यांतून नाणी जमवायची, दर 15 नाण्यांना त्या जगातली एक स्टेज उघडते. पाचही उघडायला 75 नाणी. त्या पार केल्या की बॉस पुन्हा समोर, आणि या वेळी कायमचा हिशेब. ज्याला हे नको त्याचं काही अडत नाही, आणि हवं त्याला खरोखर नवं काही मिळतं. शिवाय त्या पाच स्टेज इतक्या कठीण आहेत की बोनस खोल्या शोधताना हात बसला नसेल तर तिथे टिकाव लागत नाही. कुलपाची अट आणि दारामागचं काम यांचा एकमेकांशी संबंध आहे.

उर्दूत दास्तान शिकवताना तिलिस्म म्हणजे काय ते मुलांना समजावून द्यावं लागतं. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा पहिला खंड 1883 मध्ये लखनौच्या नवल किशोर छापखान्याने काढला, हजारो पानांचा तो पसारा. त्यातला जादूचा मुलूख जिंकायचा तर लौह म्हणजे ती मंतरलेली पाटी मिळवावी लागते. पाटी सांगते पुढे काय करायचं, कुठे पाय ठेवायचा नाही. हेही कुलूप आणि किल्लीच. पण तिलिस्म फोडणाऱ्याला कोणी सांगत नाही की आधी मुलखातल्या सगळ्या झाडांची फळं मोजून आण. किल्ली एकच आणि ती गोष्टीच्या आतली. मी गेमचा फार मोठा जाणकार नाही, पण चांगलं कुलूप आणि वाईट कुलूप ओळखायला मला हा फरक पुरेसा वाटतो.

आमच्या क्षेत्रातही ही दोन कुलपं आहेत. लेखी परीक्षा हे एक कुलूप, येतंय का ते बघतं. जर्नलवर सगळ्या सह्या नसतील तर प्रात्यक्षिकाला बसू न देणं हे दुसरं. बी.एड.ला सराव पाठांच्या फायली रंगवताना रात्री जागवलेल्या कोणालाही विचारा, त्यातून शिकवणं किती आलं आणि स्केचपेन किती संपले.

मेहनतवाल्यांची बाजू पोकळ आहे असं मात्र मला म्हणायचं नाही. सगळ्यांना सगळं आधीच उघडं असलं तर शोधण्याची मजा जाते, हे खरंच. 2013 च्या 'सुपर मारिओ 3डी वर्ल्ड'ची सगळ्यात शेवटची स्टेज उघडायला 380 हिरवे तारे, 85 शिक्के आणि प्रत्येक झेंड्याच्या खांबाचं टोक, यातलं काही सुटून चालत नाही. आत जे आहे ते अक्षरशः जीव काढणारं, मध्ये कुठे विसावा नाही. गोष्ट कधीच संपलेली आहे, राहिली ती फक्त पैज. पैजेला अट असणारच, आखाड्यात उतरणाऱ्याने कुरकुर करू नये. तरी शिक्क्यांचा या स्टेजशी काय संबंध, हा प्रश्न राहतोच.

1996 च्या 'सुपर मारिओ 64' ने तर या प्रकरणावर अनवधानाने एक प्रयोगच करून दिला. एकूण तारे 120, पण शेवटच्या बॉसकडे जायला 70 पुरतात. तेवढे नसतील तर शेवटचा जिना संपतच नाही, माणूस चढतो आणि चढतच राहतो. सगळे 120 जमवले की बाहेरची तोफ उघडते, तिच्यातून उडून किल्ल्याच्या छतावर जायचं. तिथे योशी उभा असतो, बनवणाऱ्यांच्या वतीने दोन शब्द बोलतो आणि 100 लाइफ देतो. आता करायचं काहीच उरलेलं नसताना 100 लाइफ! अनेकांना हे बक्षीस फुसकं वाटलं. मला ते नेमकं वाटतं. दारात पोहोचलेल्या पाहुण्याला घरमालकाने चहा विचारावा, तितकंच ते आहे, आणि न पोहोचलेल्याचं त्यात काही बुडत नाही.

त्या न संपणाऱ्या जिन्याचं पुढे काय झालं? वेगाने गेम संपवणाऱ्या लोकांनी शोधून काढलं की पाठमोरं होऊन लांब उड्या मारत राहिलं तर वेग इतका वाढतो की मारिओ कुलूपबंद जिन्यातूनही आरपार वर जातो. आधी 16 ताऱ्यांत गेम संपू लागला, मग त्याहून कमी, शेवटी एकही तारा न घेता. आज या लोकांच्या स्पर्धांत वर्गच वेगळे आहेत. 'एनी पर्सेंट' म्हणजे कसंही करून शेवट गाठा, 'हंड्रेड पर्सेंट' म्हणजे सगळं करून गाठा. कोणी कोणाला कमी लेखत नाही. ज्या वादावर बाकीचे भांडत बसले, तो खेळणाऱ्यांनी दोन रकाने आखून मिटवला.

कंपन्यांनी मात्र मोजण्याचा वेगळाच उपयोग शोधला. एक्सबॉक्स 360 ने 2005 पासून प्रत्येक गेममध्ये टप्प्यांचे गुण द्यायला सुरुवात केली, प्लेस्टेशनच्या ट्रॉफ्या 2008 मध्ये आल्या. तोवर ठीक, कारण त्याने दार बंद होत नव्हतं. नोव्हेंबर 2017 मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2' आला तेव्हा कळलं की डार्थ व्हेडरसारखी पात्रंच कुलपात आहेत, किंमत 60,000 गुण. खेळाडूंनी हिशेब मांडला, एका पात्रासाठी सुमारे 40 तास. आणि शेजारीच पैसे देऊन पेट्या विकत घेण्याची सोय. इथे नाण्याचं मशिन पुन्हा घरात आलं, फक्त नाणं टाकायची फट दिसेनाशी झाली. ओरड इतकी झाली की ई.ए. कंपनीने किमती 75 टक्क्यांनी उतरवल्या, आणि पुढच्या वर्षी बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरवलं. कोणत्याही कुलपामागे 'मेहनतीचा अभिमान' सांगितला जातो तेव्हा मला आधी शेजारी पेटी ठेवलीय का ते बघावंसं वाटतं.

2017 हे वर्ष या गोष्टीत पुन्हा पुन्हा येतं. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' त्याच मार्च महिन्यात आला. सुरुवातीच्या पठारावरची चार देवळं केली की तुम्ही थेट शेवटच्या शत्रूकडे चालू लागू शकता, कोणी अडवत नाही. जगभर 900 बिया लपवल्या आहेत, पण सामान ठेवायची जागा पूर्ण वाढवायला 441 पुरतात. सगळ्या 900 शोधणाऱ्याला काय मिळतं? शेणाच्या गोळ्याच्या आकाराची एक सोनेरी वस्तू. चेष्टाच, पण प्रेमळ. त्याच वर्षाच्या शेवटी 'सुपर मारिओ ओडिसी'ने शेवटची दोन गुप्त ठिकाणं 250 आणि 500 चंद्रांमागे ठेवली, मात्र गोष्ट संपल्यावर दुकानात नाण्यांवर चंद्र विकतही मिळतात, आणि ही नाणी गेममधलीच, खिशातली नाहीत. 2018 च्या 'सेलेस्ट'मध्ये डोंगर चढणं महाकठीण आहे, पण ज्याचे हात साथ देत नाहीत त्याला गेमचा वेग कमी करता येतो, न मरण्याची सोय घेता येते, अख्खं प्रकरण ओलांडता येतं. हातांना कंप असलेला, एक हात नसलेला, दिवसभर राबून रात्री अर्धा तास मिळणारा माणूस, ही माणसं शंभर टक्क्यांच्या वादात कुणाच्या हिशेबात नसत. इथे ती आली.

योको तारो या दिग्दर्शकाचे दोन गेम शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. 2010 च्या 'निअर'मध्ये पहिला शेवट सहज मिळतो, पण तिसरा आणि चौथा हवा तर गेममधली सगळी हत्यारं जमवावी लागतात. त्यांतली काही फार किचकट कामांमागे दडलेली. ज्यांची ती राहिली त्यांना गोष्टीचा गाभा दिसलाच नाही. 2017 च्या 'निअर ऑटोमाटा'मध्येही पाच मुख्य शेवट आहेत आणि ते क्रमानेच मिळतात, म्हणजे कुलूप आहे. पण हत्यारं मोजण्याची अट त्याने काढून टाकली. पुढे जायला फक्त गोष्ट पुढे ऐकायची तयारी लागते. पाचव्या शेवटात बनवणाऱ्यांची नावं वर सरकत असतात आणि त्या नावांशीच लढावं लागतं. एकट्याने ते जमत नाही. पुन्हा पुन्हा हरलं की जगातल्या कुठल्या तरी अनोळखी खेळाडूंची मदत येते. सगळं झाल्यावर गेम विचारतो, तुलाही अशी कुणाला मदत करायची आहे का? करायची असेल तर तुझा आजवरचा सगळा जतन केलेला खेळ पुसावा लागेल, सगळी हत्यारं, सगळे टक्के. 'हो' म्हटलं की एकेक पान डोळ्यांदेखत कोरं होत जातं.